कलेची पदवी आहे, कामंही येतात. पण व्यवसाय उभा राहत नाहीये

रंगपेटी | ७ जून, रात्री १०.४२

नमस्कार. मी कोल्हापूरची. २०२१ साली बीएफए पेंटिंग पूर्ण केलं. शेवटचं वर्ष लॉकडाऊनमध्ये गेलं, वर्गाचं प्रदर्शनसुद्धा ऑनलाइनच झालं. त्यामुळे कॉलेजातून बाहेर पडताना लोकांच्या ज्या ओळखी व्हायला हव्यात त्या झाल्या नाहीत. तेव्हापासून चित्रांवरच जगायचा प्रयत्न चालू आहे.

कामं अशी: जिल्हा परिषदेच्या शाळांच्या बोलक्या भिंती, अंगणवाड्या, घरांच्या नावाच्या पाट्या, फोटोवरून कुणाच्या आजोबांचं पोर्ट्रेट, हाताने रंगवलेल्या साड्या आणि ओढण्या (वारलीला सगळ्यात जास्त मागणी). जुलै-ऑगस्टमध्ये गंगावेशीतल्या एका गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. गेल्या वर्षी सगळं मिळून एक लाख नव्वद हजार आले. त्यातून रंग आणि प्रवास वजा जाता किती उरले, हे मी लिहून ठेवलेलं नाही.

आता ज्याच्यामुळे हा धागा काढतेय ते सांगते. मागच्या वर्षी पुण्यातल्या एका हॉटेलची भिंत मिळाली. २२ फूट बाय ९ फूट, पंचगंगेचा घाट आणि पहाटेची गर्दी. ठरले ३५,०००, तेही तोंडी. विसार १५,००० मिळाला. अठरा दिवस काम केलं. रंग, प्रायमर, परांचीचं भाडं, येणंजाणं आणि राहणं यात माझे ११,००० गेले. उरलेले २०,००० सात महिने झाले तरी आलेले नाहीत. दर वेळी "पुढच्या आठवड्यात बघू". आणि गेल्या महिन्यात मैत्रिणीने तिथून पार्सल आणलं, तर डब्यावर माझाच घाट छापलेला. मेनूकार्डवरही तेच चित्र आहे, असं ती म्हणाली. नाव कुठेच नाही.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. दर कसा लावायचा? चित्र कुणाचं, माझं की त्यांचं? आणि दर महिन्याला पुन्हा शून्यापासून कामं शोधत फिरावं लागू नये, म्हणून काय करायचं? आईचं म्हणणं, एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) कर आणि शाळेत लाग. तिचं चुकतंय असं मला वाटत नाही. पण मला हेच करायचंय.

तळकोकण | ७ जून, रात्री ११.१५

ताई, वाचून वाईट वाटलं. चित्र तुमचं म्हणजे तुमचंच. स्वामित्वहक्क आपोआप कलाकाराचा असतो, नोंदणीही लागत नाही. सरळ वकिलाची नोटीस पाठवा.

नवी_पालवी | ८ जून, सकाळी ८.०३

इन्स्टाग्रामवर रोज एक रील टाका. माझ्या बहिणीला केक्सच्या ऑर्डरी तशाच मिळाल्या.

शाईवाला | ८ जून, दुपारी ३.३०

रंगपेटी, मी साताऱ्याचा. १९९४ साली उपयोजित कला शिकून बाहेर पडलो. सुरुवातीची वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मग फ्लेक्स आलं. माझ्याबरोबरच्या पाचसहा पेंटरांनी ब्रश ठेवले आणि दुसरीकडे नोकऱ्या धरल्या. मी टिकलो. त्यात नशिबाचा भाग होताच, पण एक सवयही होती. वडिलांचं किराणा दुकान होतं, त्यांनी मला वही लिहायला लावली. कोणत्या दिवशी कुणाचं काम, किती तास, किती रंग, किती पैसे, किती बाकी. त्या वहीवरून मी दर लावायला शिकलो. तो हिशेब सविस्तर सांगतो. कॉलेजात मला हा कुणी शिकवला नव्हता, आणि आजही मुलं माझ्याकडे येतात तेव्हा नेमकं हेच त्यांना येत नसतं.

आधी वर्षाचा खर्च काढायचा. तुम्ही घरी राहत असाल, तरी घरात पैसे द्यायचे आहेत असं धरा. समजा, घरखर्चाला महिना २०,०००, म्हणजे वर्षाचे २,४०,०००. कामाच्या खोलीचं भाडं महिना ५,०००, ते ६०,०००. फोन, इंटरनेट, गाडीचं पेट्रोल, ब्रश-बिश यांना ३६,०००. आरोग्यविमा आणि थोडी शिल्लक ४४,०००. झाले ३,८०,०००.

आता दिवस. वर्षाचे ३६५ असले तरी पैसे देणारे दिवस फार थोडे. रविवार, सण, आजारपण, पाऊस. गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला जाण्याचे दिवस. कच्ची रेखाटनं करण्याचे, थकबाकीसाठी हेलपाटे घालण्याचे, काही नवीन शिकण्याचे. माझ्या वहीत दर वर्षी ११० ते १२० दिवसच प्रत्यक्ष बिलाचे निघतात. ११५ धरू. ३,८०,००० भागिले ११५, म्हणजे दिवसाला साधारण ३,३००.

तुमच्या भिंतीला हे लावून बघा. अठरा दिवसांचे ५९,४००, अधिक सामान आणि प्रवासाचे ११,०००. एकूण ७०,४००. तुम्ही ३५,००० ला हो म्हणालात, तेव्हा निम्म्या दरात काम घेतलंत. आणि आत्तापर्यंत जे १५,००० मिळाले, त्यातून सामानाचे वजा केले तर अठरा दिवसांच्या मेहनतीचे ४,००० उरतात.

गिऱ्हाईक फुटाच्या दरात बोलतं, म्हणून त्याला फुटाचा दर सांगायचा. भिंत १९८ चौरस फूट, म्हणजे फुटाला साडेतीनशेच्या थोडं वर. पण आपण स्वतःशी हिशेब करायचा तो दिवसांचा. फुटावर ठरवलं, तर बारीक काम आणि ढोबळ काम एकाच भावात जातं. तुमच्या घाटावर गर्दी आहे, एकेक माणूस रंगवायचाय. त्याचे दिवस वेगळे पडतात.

आणि एवढा दर आज कुणी देणार नाही, अशी भीती वाटत असेल तर दर कमी करू नका, काम कमी करा. "साहेब, तुमच्या पस्तीस हजारांत नऊ दिवसांचं चित्र बसतं. गर्दी नको, घाट, पाणी आणि एक होडी." हे मी शंभरदा बोललोय. निम्मे लोक होडीवर थांबतात, निम्मे पैसे वाढवतात.

विसाराबद्दल. कामाआधी निम्मे. कच्चं रेखाटन मंजूर झालं की आणखी पाव. शेवटचा पाव सही करण्याआधी. चित्र पूर्ण झाल्यावर निम्म्याहून जास्त पैसे समोरच्याकडे राहिले, तर ते मागण्याची ताकद आपल्याकडे उरत नाही.

अक्षरवेडी | ८ जून, संध्याकाळी ७.१०

शाईवाला काका, ही वाचनखूण साठवली. मी पाचवं वर्ष धडपडतेय आणि हा भागाकार आज पहिल्यांदा केला. माझा दिवस १,१०० वर आला. सुन्न झाले.

पानोपानी | ८ जून, रात्री ९.४८

तळकोकण, तुमची भावना समजते, पण एक दुरुस्ती करायलाच हवी, कारण यात नुकसान होतं. मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. माझे हात एकदा पोळले आहेत, म्हणून कायदा वाचला.

स्वामित्वहक्क कायदा १९५७, कलम १७. सर्वसाधारण नियम हाच, की ज्याने निर्मिती केली तो पहिला मालक. पण त्यात अपवाद आहेत. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेला फोटो, रंगवलेलं चित्र किंवा पोर्ट्रेट असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक ते काम सांगणारा ठरतो. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं. म्हणजे हॉटेलने पैसे ठरवून भिंत रंगवून घेतली आणि कागद काहीच नाही, तर डब्यावर छापण्याबाबत आपली बाजू कमजोर आहे. हे ऐकायला कडू आहे, पण नोटिशीवर पैसे घालवण्याआधी माहीत असावं.

काय उरतं? कलम ५७. मालकी गेली तरी "हे मी काढलं" असं सांगण्याचा हक्क कलाकाराकडे राहतो, आणि आपल्या कामाची मोडतोड करून आपली प्रतिष्ठा घालवली तर दाद मागता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारने १९७९ साली काढून गोदामात टाकलं होतं. ते शिल्पही सरकारनेच सांगून करून घेतलेलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये निकाल दिला: शिल्पाचे अवशेष शिल्पकाराला परत द्या आणि पाच लाख भरपाई द्या. म्हणून रंगपेटी, नाव छापण्याची मागणी तुम्ही हक्काने करू शकता.

पुढच्या कामापासून कोटेशनवरच दोन वाक्यं लिहा आणि समोरच्याची सही घ्या. "या चित्राचे स्वामित्वहक्क चित्रकाराकडे राहतील. ग्राहकाला ते फक्त या जागेच्या भिंतीवर वापरता येईल. छपाई, वेष्टन किंवा जाहिरातीसाठी वापरायचं झाल्यास वेगळं मानधन ठरेल." एवढं पुरतं. आणि कुणी हक्क विकत मागितले, तर ते लेखीच द्यायचे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. मी आता दोन्ही लिहिते, आणि तीन वर्षांनी प्रकाशक पुन्हा छापतात तेव्हा पुन्हा पैसे मिळतात.

साड्यांबद्दलही एक. तुमची स्वतःची नक्षी असेल आणि उद्या तुम्ही तिचे ब्लॉक करून छापायला लागलात, तर कलम १५ बघा. डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी नक्षी नोंदवली नाही आणि औद्योगिक पद्धतीने तिच्या ५० पेक्षा जास्त प्रती काढल्या, तर तिच्यावरचा स्वामित्वहक्क संपतो. हाताने एकेक रंगवत असाल तोवर हा प्रश्न येत नाही.

तळकोकण | ८ जून, रात्री १०.२०

पानोपानी, धन्यवाद. मला हे माहीत नव्हतं आणि मी ठामपणे लिहून गेलो. रंगपेटी ताई, माझा तो प्रतिसाद विसरा.

माझ्या धंद्यातलं, जे पक्कं ठाऊक आहे, ते सांगतो. मी शिल्पकला शिकलो. सावंतवाडीजवळ मातीची भांडी करतो, आणि शेजारचे एक काका लाकडी फळं-खेळणी करतात, त्यांच्या मालाचं मीच बघतो. पूर्वी पांगाऱ्याचं लाकूड असायचं, आता मिळेल ते. गोव्यातली दुकानं माल "विक्रीसाठी ठेवा" म्हणतात. विकला तर पैसे, त्यातही त्यांचा ३०-४० टक्के वाटा, फुटला तर आपलं नशीब. पहिली दोन वर्षं मी हेच केलं. माझे साठ हजारांचे मग आणि वाडगे वेगवेगळ्या कपाटांत बसून होते, आणि माझ्याकडे माती आणायला पैसे नव्हते. आता नियम केलाय. पहिली खेप रोखीने घ्या, थोडी घ्या, दर कमी लावतो. दुकानदाराने स्वतःचे पैसे घातले की तो माल पुढच्या फळीवर मांडतो. हा फरक मी डोळ्यांनी पाहिलाय.

हिशेबनीस | ९ जून, सकाळी ७.२५

मी नाशिकमध्ये छोट्या व्यवसायांचे हिशेब आणि कर बघतो. थकलेल्या २०,००० बद्दल लिहितो.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आजच करा. आधार आणि पॅन लागतं, ऑनलाइन होते आणि शुल्क शून्य. पैसे मागणारं संकेतस्थळ दलालाचं समजा. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करणं, हे २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज. चित्रकाराचं काम सेवा या प्रकारात बसतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, अशी बिलं मुदतीत न चुकवणाऱ्या व्यावसायिकाला तो खर्च पैसे दिल्याशिवाय करातून वजा मिळत नाही. मोठ्या गिऱ्हाइकांचे हिशेबनीस आता स्वतःहून विचारतात, "उद्यम आहे का?"

पण आधी झालेल्या कामाला नंतरची नोंदणी सहसा उपयोगी पडत नाही. म्हणून हॉटेलसाठी साधा मार्ग घ्या. तारीख, काम, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम आणि बाकी असं पक्कं बिल करा. ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्हीने पाठवा. व्हॉट्सअॅपवर त्यांनी रक्कम मान्य केलेली असेल तर तो संवाद जपा, पुरावा म्हणून चालतो. सात महिने तुम्ही फोन केले असतील, पण बिल पाठवलंत का? धाग्यात तसा उल्लेख नाही.

जीएसटीची भीती अनेक कलाकारांना असते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर नोंदणी लागत नाही, राज्याबाहेरच्या ग्राहकाला सेवा दिली तरी. फक्त वस्तू विकत असाल तर राज्यात ४० लाखांपर्यंत. राज्याबाहेर वस्तू विकताना नियम कडक आहे, पण ठरावीक हस्तकला वस्तूंना त्यातून सूट आहे. साड्या बाहेर पाठवण्याआधी एकदा विचारून घ्या. कंपन्या बिलातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात, तेव्हा पैसे गेले असं समजून लोक गप्प बसतात. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरा, ते परत येतात. आणि विवरणपत्र दर वर्षी भरलंत, तर उद्या भट्टीसाठी, गाडीसाठी कर्ज मागताना बँकेला दाखवायला तेच लागतं.

चालू खातं वेगळं उघडा. एकटीनेच काम करत असाल, तर दुकाने व आस्थापना कायद्यानुसार फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. ती पावती आणि उद्यम प्रमाणपत्र खातं उघडायला पुरतं.

रंगपेटी | ९ जून, दुपारी १.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. हिशेबनीस सर, नाही, बिल पाठवलेलंच नाही. मला वाटायचं, बिल पाठवलं तर संबंध बिघडतील. हे लिहिताना कळतंय, की संबंध असे काही राहिलेच नव्हते.

पानोपानी ताई, कलम १७ वाचून काल रात्री झोप लागली नाही. पण खरं सांगितलंत ते बरं केलंत.

डोंगरपाडा | ९ जून, रात्री ९.३०

रंगपेटी ताई, तुमच्यावर झालेला अन्याय मला मनापासून कळतो. म्हणूनच एक गोष्ट बोलतो, राग मानू नका.

मी डहाणू तालुक्यातला, वारली समाजाचा. आमच्याकडे लग्नात भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने सवाशिणी तो लिहितात. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी आमच्या भागात आले, त्यांनी कागद दिला आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी तो हातात घेतला. त्यांच्यामुळे हे चित्र जगभर गेलं. २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ ला ते गेले. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे.

तुमच्या साड्यांवर "वारलीला सगळ्यात जास्त मागणी" असं वाचलं. डब्यावर तुमचा घाट नाव न घालता छापला, तेव्हा तुम्हाला जे वाटलं, तसं आम्हाला रोज वाटतं. चहाच्या कपावर, सोसायटीच्या फाटकावर, पडद्यांवर. नाचणारा तारपा सगळ्यांना काढता येतो, पण तारपा कधी वाजतो आणि कुणासाठी वाजतो ते कुणी विचारत नाही. माझी मावशी दिवसभर बसून एक कापड रंगवते, आणि शहरातलं दुकान तिला सांगतं की यापेक्षा स्वस्तात आम्हाला इकडेच मिळतं.

रंगपेटी | ९ जून, रात्री ११.५०

डोंगरपाडा दादा, राग नाही. उत्तर द्यायला दोन तास लागले.

वारली आम्हाला चौथीच्या चित्रकलेच्या तासापासून शिकवतात. त्रिकोण, त्रिकोण, गोल. मी कधी विचारच केला नाही की ते कुणाचं तरी आहे. माझ्याकडे अशा सहा साड्या पडून आहेत, आणि दोन ऑर्डरी घेतलेल्या आहेत. त्यांना उद्या फोन करते. तुमच्या मावशींना ते काम करायचं असेल तर त्यांनीच करावं, त्यांच्या नावाने आणि त्यांनी ठरवलेल्या दरात. मी फक्त गिऱ्हाईक जोडून देईन. चालेल का? मी निरोप पाठवते.

अक्षरवेडी | १० जून, सकाळी ६.५५

या धाग्यासाठी धन्यवाद. डोंगरपाडा यांचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला.

पडदेवाला | १० जून, सकाळी ११.४०

मी कोल्हापुरातच, मंगळवार पेठेत. वय ७१. बाई, आपल्या गावात हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं एक उत्तरही इथलंच आहे. बाबूराव पेंटर यांनी कुठल्या कला महाविद्यालयात पाऊल टाकलं नव्हतं. ते आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव संगीत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. नाटक कंपन्यांना पडदे लागत होते, पैसे त्या देत होत्या. त्यातून यंत्राचा नाद लागला. आनंदराव १९१६ ला गेले, पण बाबूरावांनी कॅमेरा स्वतः जुळवून पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. भांडवल गायिका तानीबाई कागलकरांनी दिलं. मग चित्रपटांची पोस्टरंही तेच रंगवायचे. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल त्याच कारखान्यात तयार झाले आणि १९२९ ला बाहेर पडून त्यांनी प्रभात उभी केली.

माझे वडील लहानपणी त्या स्टुडिओच्या आवारात जायचे. ते सांगायचे, तिथे चित्रकार सुतारकामही करायचे आणि सुतार रंगही द्यायचे. आज तुमच्या गावात कुणाला काय रंगवून हवंय, ते आधी बघा. नाटकाचे पडदे गेले. पण मंगल कार्यालयं आहेत, दवाखान्यांतले मुलांचे वॉर्ड आहेत, गुऱ्हाळं आणि त्यांच्या गुळाच्या ढेपांची वेष्टनं आहेत.

ओळीमागूनओळ | १० जून, दुपारी ४.१५

"दर महिन्याला शून्यापासून" या तिसऱ्या प्रश्नावर लिहिते. मी बीए मराठी केलं. "आर्ट्स घेतलंस, आता काय?" हे मीही भरपूर ऐकलंय. मुद्रितशोधनापासून सुरुवात केली, आज आम्ही तिघी मिळून ॲप आणि संकेतस्थळांचं मराठी लिहितो. चित्रं काढत नसले तरी काम येण्याची पद्धत तीच.

नवी_पालवी म्हणतात तशी रील टाकायला हरकत नाही. त्यातून विचारणा येतात, "किती घेता?" पण व्यवसाय चालतो तो पुन्हा येणाऱ्या माणसांवर, आणि ती माणसं थेट घरमालक नसतात. घरमालक आयुष्यात एकदा भिंत रंगवतो. आर्किटेक्ट आणि इंटिरिअर करणारे वर्षाला दहा भिंती करतात. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीतल्या अशा वीस जणांची यादी करा आणि प्रत्येकाला पाच चित्रांची एक पीडीएफ घेऊन प्रत्यक्ष भेटा. पाचच. प्रत्येकीखाली माप, लागलेले दिवस आणि अंदाजे खर्च. मी वीस प्रकाशकांना भेटले होते, तिघांनी काम दिलं. त्यातले दोन आज नऊ वर्षांनीही आहेत.

दुसरं, कामाचं वर्ष आखा. दिवाळी अंकांची चित्रं आणि मुखपृष्ठं मे-जूनपासून ठरायला लागतात, सप्टेंबरमध्ये विचारलंत तर उशीर झालेला असतो. शाळांच्या भिंती उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुटीत. कंपन्यांची कॅलेंडरं ऑगस्टपासून. पुण्याची भीमथडी जत्रा डिसेंबरमध्ये, मुंबईचा काळा घोडा महोत्सव जानेवारी-फेब्रुवारीत, पण स्टॉलचे अर्ज कितीतरी आधी. प्रत्येक हंगामाच्या दोन-तीन महिने आधी दार वाजवायचं असतं.

आणि एक खात्रीचं उत्पन्न हवंच. तुमच्याकडे ते आहे, तुम्ही वापरत नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचे वर्ग घ्या. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालक मुलांना आवर्जून पाठवतात. जूनमध्ये सुरू करा, आठवड्यातून तीन संध्याकाळी. खोलीचं भाडं त्यात निघतं आणि दिवसा ब्रश मोकळा राहतो. आईलाही त्यात बरं वाटेल.

शाईवाला | १० जून, संध्याकाळी ६.३०

वर्गांच्या सूचनेला माझं अनुमोदन. मीही अकरा वर्षं घेतले. मुलांना शिकवताना माझं स्वतःचं स्मरणचित्र सुधारलं.

रंगपेटी | १९ ऑक्टोबर, रात्री ९.०८

चार महिन्यांनी लिहितेय. गणपतीचा हंगाम होता आणि मला काही ठोस घडल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

हॉटेलला १२ जूनला बिल पाठवलं, ईमेल आणि स्पीड पोस्टाने. सोबत चित्रावर नाव घालण्याबद्दल एक पत्र, पानोपानी ताईंनी तपासून दिलेलं. पंधरा दिवस शांतता. दुसऱ्या पत्रानंतर १२,००० खात्यात आले. ८,००० अजून बाकी आहेत. डब्यांची पुढची छपाई होईल तेव्हा नाव घालू, असं फोनवर म्हणाले. मी त्यांना ते ईमेलवर लिहायला सांगितलंय, अजून लिहिलेलं नाही.

उद्यम झालं, चालू खातं झालं. वही लिहितेय. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत माझे बिलाचे दिवस ३४ भरले आणि दिवसाचा दर सरासरी १,९०० पडला. काकांच्या आकड्याला अजून पोचले नाही. आखणीच्या कामात दर मूर्तीमागे पैसे मिळतात. पहिल्यांदाच तास मोजले आणि लक्षात आलं, की लहान मूर्तींत माझा दिवस भरतो, मोठ्या मूर्तींत नाही. पुढच्या वर्षी कारखान्याच्या मालकांशी त्याबद्दल आधीच बोलणार आहे. संध्याकाळच्या वर्गाला चौदा मुलं येतात. खोली घेतली, भाडं त्यातून जातं. आईनेच खोलीला पडदे शिवून दिले.

वारलीच्या दोन्ही ऑर्डरी मावशींकडे गेल्या. एका बाईंनी दर ऐकून ऑर्डर रद्द केली. दुसऱ्यांनी घेतली, आणि साडीबरोबर मावशींच्या नावाची चिठ्ठी मागून घेतली. माझ्याकडच्या सहा साड्या मी विकलेल्या नाहीत. साड्यांवर आता पंचगंगेच्या काठची झाडं आणि घाटाच्या पायऱ्या काढते. मागणी कमी आहे. बघू.

आर्किटेक्ट बारा झाले भेटून, वीस व्हायचेत. एका बाईंनी मुलांच्या दवाखान्याची भिंत दिली, लेखी, निम्मा विसार घेऊन. आणि दिवाळीच्या सुटीत पन्हाळा तालुक्यातल्या एका शाळेची ४० फूट बाय ६ फूट भिंत आहे. मुख्याध्यापकांनी कोटेशनवर सही केली. स्वामित्वहक्काचं वाक्य वाचून ते म्हणाले, "हे आमच्या मुलांना पण शिकवा."

शाईवाला काका, एक विचारायचंय. ही भिंत पश्चिमेची आहे, पावसाळाभर भिजलीय. वरून कोरडी वाटते, पण खाली पोपडे सुटलेत. शाळेची सुटी मोजकी आहे. प्रायमर मारून सुरू करू का?

शाईवाला | १९ ऑक्टोबर, रात्री १०.४०

अजिबात नको. आधी पोपडे पत्र्याने खरवडून काढा आणि दोन दिवस ऊन लागू द्या. मग हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीच्या खालच्या भागात चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर ओल आहे, थांबा. कोरडा निघाला तर प्रायमर. मुख्याध्यापकांना आजच सांगा, की तारीख पुढे जाऊ शकते. आधी सांगितलं तर कुणाला राग येत नाही.

आणि १,९०० हा चांगला आकडा आहे. तिसऱ्या वर्षी मी त्याच्या खाली होतो.

रंगपेटी | २३ ऑक्टोबर, रात्री ८.१२

खरवडलं. दोन दिवस चांगलं ऊन मिळालं. आज संध्याकाळी तीन ठिकाणी प्लास्टिक लावून आले, शाळेतल्या दोन मुली टेप धरायला होत्या. उद्या सकाळी सातच्या एसटीने जाऊन बघते.